रिझर्व्हवरची चढण

भरल्या टाकीवर गाडी कुणीही चालवतो. माझा जावईसुद्धा चालवतो. काटा तळाला टेकलेला, पुढचा पंप चाळीस किलोमीटरवर आणि मागच्या सीटवर साहेब घड्याळ बघत बसलेले, अशा वेळी जो गाडी मुक्कामी पोचवतो त्याला मी ड्रायव्हर म्हणतो. हे बोलणं थोडं आगाऊ वाटेल. पण यवतमाळ जिल्ह्याच्या रस्त्यांवर एकतीस वर्षं सरकारी जीप चालवून निवृत्त झालेल्या माणसाला एवढा आगाऊपणा माफ असावा. संपादकांनी नोकरीतले अनुभव लिहायला सांगितले तेव्हा बायको म्हणाली, "बदल्या आणि बढत्या लिहू नका, लोकांना झोप येते." ड्रायव्हरला बढती नसतेच, त्यामुळे तिचं ऐकणं सोपं गेलं.

आमचं घर लेखणीवाल्यांचं. आजोबा तहसिलीत कारकून, बाबा कोर्टात नाझर. नाझर म्हणजे कोर्टाच्या कचेरीतला असा माणूस, की ज्याच्या कपाटात प्रत्येक वस्तू असते आणि प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी असते. थोरला भाऊ शिक्षक झाला. मी कॉलेजच्या पहिल्याच वर्षात दोनदा आपटलो आणि शेजारच्या मिस्त्रीकडे गाड्यांखाली लोळायला लागलो. पुढे सरकारी जाहिरात निघाली, ट्रायल दिली आणि वाहनचालक म्हणून चिकटलो. नोकरी पक्की होती, बाबांनी पेढेही वाटले. पण 'ड्रायव्हर' हा शब्द त्यांच्या तोंडातून कधी निघाला नाही. कुणी विचारलं की म्हणत, "प्रभाकर खात्यात आहे." कोणतं खातं, कोणतं टेबल, असं कुणी पुढे विचारलं की त्यांना चष्मा पुसायची आठवण व्हायची. मी नेमकं काय करतो हे माझ्या सासऱ्यांना साखरपुड्याच्या दिवशी कळलं, तेही माझ्याकडूनच. मला त्या शब्दाची लाज कधी वाटली नाही. बाबांना वाटते, याचं वाईट वाटायचं. त्यांच्या तोंडून तो शब्द एकदा तरी ऐकायचा, एवढी एकच इच्छा मी नोकरीभर बाळगून होतो.

आता धंद्यातली एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. पेट्रोल संपलं तर बाटलीभर ओता, चावी फिरवा, गाडी चालू. आमच्या जुन्या डिझेल जीपचं तसं नव्हतं. टाकी कोरडी पडली की नळीतून डिझेलऐवजी हवा ओढली जाते. याला आम्ही 'गाडीनं एअर घेतली' म्हणतो. मग नुसतं डिझेल ओतून भागत नाही. बॉनेट उघडायचं, फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा आणि हातपंप अंगठ्यानं दाबत बसायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे येतात. ते थांबेपर्यंत दाबायचं आणि स्क्रू आवळायचा. उन्हात अर्धा तास जातो, अंगठ्याला फोड येतो आणि तेवढ्या वेळात साहेबांच्या मनातून आपण उतरलेले असतो.

हे मी मारेगावला नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात शिकलो. कापसाचा हंगाम होता. रस्त्यावर कापसानं लादलेल्या बंड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग, आणि त्या रांगेच्या बरोबर मधोमध माझ्या जीपनं एअर घेतली. काटा तर पाव टाकी दाखवत होता. साहेबांना यवतमाळला बैठकीला जायचं होतं. मी बॉनेटमध्ये डोकं घालून अंगठा झिजवत असताना मागच्या बंडीवाल्यानं त्यांना हाक मारली, "बसा सायेब बंडीवर, फाट्यालोक सोडून देतो. हे बैलं काई डिझेल नाई मांगत!" आणि साहेब खरोखरच बसले. कापसाच्या ढिगावर बसून, हातात फाईल धरून माझे साहेब माझ्यासमोरून गेले. रांगेतले लोक हसत होते. त्या दिवशी मी ठरवलं, की माझ्या हातातली गाडी पुन्हा डिझेलावाचून कधी बंद पडणार नाही.

काटा खोटं बोलतो, म्हणून मी मापकाडी केली. बांबूची सोललेली काडी, हातभर लांब. जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. तिचं तोंड मागच्या अंगाला, आणि इंजिनाकडे डिझेल ओढणारी नळी पुढच्या अंगाला. मागच्या तोंडातून काडी सरळ तळाला टेकवायची, बाहेर काढायची आणि कुठपर्यंत ओली झाली ते बघायचं. मी सुरीनं खाचा पाडल्या. एक खाच म्हणजे तालुका फिरून येता येईल, दोन खाचा म्हणजे जिल्ह्याला जाऊन येता येईल, असा हिशोब. निघण्याआधी देवाला हात जोडावे तशी मी काडी बुडवायचो. बदली झाली की कपड्यांच्या ट्रंकेआधी काडी नीट बांधून घ्यायचो. मारेगावहून महागावला गेलो, तिथून आणखी दक्षिणेकडे, आणि पुढे नवी जीप मिळाली तेव्हा तिच्यासाठी नवी काडी केली. कचेरीचं आवार तेच, जीप उभी करायची जागाही तीच. बॅटरी कमजोर, म्हणून जीप फाटकाकडे तोंड करून उतारावर लावायची, म्हणजे सकाळी ढकलावी लागली तर सोपी जाते. त्या उतारावर उभ्या असलेल्या जीपमध्येच मी नव्या काडीच्या खाचा पाडल्या. हे वाक्य लक्षात ठेवा.

कमी डिझेलात गाडी कशी काढायची, याचे आमचे काही नियम आहेत. घाई करायची नाही. चाळीसच्या पुढे वेग जाऊ द्यायचा नाही, वरचा गिअर सोडायचा नाही, आणि पुढचा खड्डा लांबूनच बघायचा, म्हणजे ब्रेक लागत नाही. ब्रेक मारला की चाललेल्या गाडीचा वेग मोडला, आणि गाडी पुन्हा उचलायला डिझेल जातं. एक साहेब असे होते, की काटा खाली आला की त्यांच्या पोटात कळ यायची. ते वाकून वाकून माझ्या मांडीवरून काट्याकडे बघत. मी शेवटी काट्यावर हळदीकुंकू लावलेला देवाचा एक फोटो चिकटवला. साहेबांची पोटदुखी थांबली. दुसरे एक साहेब याच्या उलट होते. ते म्हणायचे, "काटा हलून राह्यला ना अजून? मंग चला!" ज्या साहेबांना भीती वाटायची त्यांची गाडी चालवायला मला जास्त आवडायचं, कारण पोचल्यावर ते पाणी तरी विचारायचे.

एक गोष्ट मात्र मी केली आणि ती करायला नको होती. तरुणपणी डिझेल वाचवायला मी घाटात उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायचो. पुसदकडच्या एका घाटात असंच सोडलं, आणि वळणावर ब्रेक दाबला तर तो दगडासारखा घट्ट. इंजिन बंद असलं की ब्रेकला जोर मिळत नाही, हे मला मिस्त्रीनं सांगितलेलं होतं, पण मी हसण्यावारी नेलं होतं. मागे एक नर्सबाई बसल्या होत्या. दोन्ही पाय ब्रेकवर ठेवून उभा राहिलो तेव्हा कुठे गाडी आटोक्यात आली. बाईंना काही कळलं नाही, त्या लसीच्या डब्यावर हात ठेवून पेंगत होत्या. मला मात्र तीन दिवस जेवण गेलं नाही. तेव्हापासून बंद इंजिनानं मी एक वीतही उतरलो नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ती गोष्ट. निवृत्तीला सहा-सात वर्षं उरली होती. दहावीच्या परीक्षेचे दिवस, आणि प्रश्नपत्रिका पोचवायला आमची जीप मागवून घेतलेली. तालुक्याला एका इमारतीत सगळ्या प्रश्नपत्रिका कुलपात ठेवतात, त्याला परिरक्षक केंद्र म्हणतात. तिथून रोज सकाळी ठरल्या वेळी पेटी निघते आणि साडेदहाच्या आत शाळेत पोचावी लागते. बरोबर एक शिक्षिका आणि एक पोलीस. नियम कडक. वाटेत गाडी कुठेही थांबवायची नाही, चहाला नाही, पाण्याला नाही, कुणी हात दाखवला तरी नाही. थांबली तर मॅडमना तसं लेखी कळवावं लागतं, मग चौकशी, आणि पेपर फुटला अशी बोंब उठली तर त्या शाळेतल्या सगळ्या पोरांच्या परीक्षेवर गंडांतर.

माझ्या वाट्याला आलेली शाळा घाटावरच्या माळावर होती. मॅडम म्हणजे सुलभाताई, गणिताच्या शिक्षिका, बोलायला गोड आणि नियमाला लोखंड. पोलीस म्हणजे राठोड जमादार, सहा फुटी माणूस, जीपमध्ये बसला की गुडघे कानाला लागायचे.

आदल्या संध्याकाळी पंपावर डिझेल नव्हतं. टँकर आलाच नव्हता. म्हटलं, सकाळी निघताना काडी बघू. कमी वाटलं तर दुसऱ्या खात्याच्या ड्रायव्हरकडून कॅनभर घेऊ, आम्हा ड्रायव्हरांत ते चालतं. सकाळी केंद्रावर गेलो. ती इमारत खोलगटात आहे, रस्त्यावरून दाराकडे उतरत जावं लागतं. पेटी मागच्या बाजूनं चढवायची म्हणून मी जीप उलटी आत घेतली, मागची बाजू दाराला लावली, आणि तिथेच काडी बुडवली. दोन खाचा ओल्या. जाऊन येऊन पुरून उरेल. कॅनचा विचार मी डोक्यातून काढून टाकला आणि निघालो.

वाचकांपैकी जे हुशार आहेत त्यांना माझी चूक आत्ताच कळली असेल. मला ती पस्तीस किलोमीटर गेल्यावर कळली.

घाटाची पहिली चढण सुरू झाली आणि गाडीनं आचका दिला. एक. मी कान टवकारले. दुसरा आचका. तिसऱ्याला गाडी एअर घेणार हे मला पायाच्या तळव्यात कळलं. मी क्लच दाबला आणि इंजिन चालू ठेवूनच गाडीला हळूहळू मागे घरंगळू दिलं, पायथ्याच्या सपाटीपर्यंत. सपाटीवर आल्याबरोबर इंजिन पुन्हा गुमान फिरायला लागलं, जसं काही झालंच नाही.

"का झालं गा भाऊ? मांगं काहून चाल्लो आपन?" जमादारांनी विचारलं.

"डिझेल मांगं पळून राह्यलं."

"मांगं पळून राह्यलं म्हंजे? आपन तं घेऊन निंगालो ना त्याले!"

मॅडमनी घड्याळ बघितलं, मग मोबाईल बघितला. रेंज नव्हती. त्या एवढंच म्हणाल्या, "प्रभाकरभाऊ, गाडी थांबवायची नाही हं." आवाज शांत होता, पण पेटी त्यांनी स्वतःकडे ओढून घेतली होती.

आणि त्या क्षणी मला सगळा उलगडा झाला. सपाटीवर इंजिन नीट, चढावर आचके. म्हणजे डिझेल आहे, अगदी तळाला आहे, आणि चढावर ते टाकीच्या मागच्या अंगाला जाऊन साचतंय. नळी पुढे, डिझेल मागे. सकाळी हेच झालं होतं. मी खाचा पाडल्या तेव्हा जीपचं तोंड उताराकडे होतं, डिझेल पुढे सरकलेलं होतं. केंद्राच्या दारात तोंड वर होतं, डिझेल मागे माझ्या काडीखाली येऊन साचलं होतं. काडीनं खोटं सांगितलं नव्हतं, मीच तिला भलत्या जागी विचारलं होतं.

पण ज्या उतारानं मला फसवलं तोच आता कामाला येणार होता. गाडीचं तोंड खाली ठेवलं तर डिझेल नळीकडेच राहील. म्हणजे घाट उलटा चढायचा!

पायथ्याला मारुतीच्या देवळासमोर जागा रुंद होती. एका दमात गाडी वळवली, मागची बाजू घाटाकडे केली आणि रिव्हर्स टाकला. जुन्या जीपचा रिव्हर्स गिअर म्हणजे बैलाच्या जातीचा, हळू पण न दमणारा. मी उजवा हात स्टिअरिंगवर, डावा शेजारच्या सीटच्या पाठीवर, आणि मान पूर्ण मागे वळवून गाडी वर घ्यायला लागलो. एकही आचका आला नाही.

"मॅडम, घट्ट धरा. जमादार, तुमी मांगचा रस्ता पाहा."

जमादार मागच्या फळीला धरून अर्धे बाहेर लोंबकळले. "येऊ द्या! येऊ द्या! डावीकडं दगड हाय, थोडं इकडं! येऊ द्या!" मधेच म्हणाले, "वीस वर्सं झाले नोकरीले, पन असा बंदोबस्त नाई केला कधी."

दुसऱ्या वळणावर वरून एक ट्रॅक्टर आला. त्यावरचा माणूस आमच्याकडे बघत राहिला, मग ओरडला, "ओ भाऊ! तोंड तिकडं हाय तुमचं, चाल्ले कुठं?"

"बाजूले घे ना रे ट्रॅक्टर!" जमादार कडाडले. "पेपर चाल्ले दहावीचे!"

त्या ट्रॅक्टरच्या टाकीत डिझेल होतं. दोन हातांवर होतं. माझ्या जिवाला चुटपुट लागली, पण थांबायचं नव्हतं. मान दगडासारखी झाली होती, डोळ्यात घाम उतरत होता, पण पुसायला हात रिकामा नव्हता. जेमतेम किलोमीटरभराची चढण, तीन वळणं. तिसऱ्या वळणावर पोचलो तेव्हा मॅडम मोठ्यानं गुणाकाराचा पाढा म्हणत होत्या. भीती वाटली की त्या असंच करतात, असं त्यांनी नंतर सांगितलं.

माथ्यावर सपाटी लागली. गाडी फिरवली, सरळ केली आणि तिसावर ठेवून शाळा गाठली. साडेदहाला पाच मिनिटं कमी होती. फाटकाशी पोरं रांगेत उभी होती, हातात पॅड, कपाळाला बुक्का-कुंकू. त्यांना काहीच माहीत नव्हतं, आणि माहीत नसावंच, यासाठीच तर आम्ही असतो.

पेटी उतरल्यावर मॅडमनी कागद भरायला घेतला. त्यात एक रकाना असतो, वाटेत वाहन थांबले काय. त्या पेन धरून माझ्याकडे बघत राहिल्या. "आपण थांबलो होतो का?"

"नाही मॅडम. मागं गेलो, पण थांबलो नाही."

त्यांनी क्षणभर विचार केला आणि 'नाही' लिहिलं. गणिताच्या बाईंनी मान्य केलं म्हणजे बरोबरच असणार.

दुपारी गावातल्या एका ट्रॅक्टरवाल्याकडून पाच लिटर घेतलं आणि परत आलो. आम्ही पोचायच्या आधी जमादारांचा फोन पोचला होता. संध्याकाळपर्यंत तालुकाभर झालं. चहाच्या टपरीवर लोक मला गाडी उलटी चालवून दाखवा म्हणायला लागले. साहेबांनी चार लोकांत पाठ थोपटली. मी सगळं घेतलं, हसून घेतलं. चूक माझीच होती हे मी कुणालाही सांगितलं नाही. मॅडमना तरी सांगायला हवं होतं, पण आज-उद्या करत राहिलो आणि त्यांची बदली झाली. त्या अजून मला हुशार समजत असतील. हा अंक त्यांच्या हाती पडला तर बरं होईल.

बाबा तेव्हा माझ्याकडेच राहत होते, ऐंशीच्या घरात. रोज वाचनालयात पेपर वाचायला जात. तिथेच त्यांना ही गोष्ट कळली. घरी आले, कोट खुंटीला लावला, माझ्यासमोर खुर्चीत बसले. मला वाटलं, आज बहुतेक तो शब्द ऐकायला मिळणार.

"ऐकलं सगळं," बाबा म्हणाले. "पण निघताना टाकीत किती आहे, ते तू पाहिलं नव्हतंस का?"

अख्ख्या तालुक्यानं मला घाट कसा चढलो ते विचारलं होतं. ही वेळ का आली, ते फक्त बाबांनी विचारलं. चाळीस वर्षं कोर्टात काढलेल्या माणसापुढे खोटं बोलायची सोय नव्हती. मी काडी आणून त्यांच्या हातात दिली आणि खरं काय ते सांगितलं.

त्यांनी काडी डोळ्यांशी नेली. "या खाचा पाडल्यास तेव्हा गाडी कुठे उभी होती?"

"कचेरीच्या आवारात. उतारावर."

"मग हे माप नव्हे, प्रभाकर. ही अंदाजाची काडी झाली." इतकी वर्षं मिरवलेली माझी काडी त्यांनी टेबलावर ठेवली. मला बोचलं, खोटं कशाला सांगू. मग त्यांनी विचारलं, "आत्ता टाकीत काय आहे?"

"काही नाही. कोरडीच म्हणा. उद्या टँकर येणार आहे."

"भरायच्या आधी मला बोलाव."

दुसऱ्या दिवशी पेपर नव्हता. पंपावरून मी कॅनमध्ये डिझेल आणलं. बाबा म्हणाले, जागा सपाट पाहिजे, आणि त्यांनीच धर्मकाटा सुचवला. आमच्याकडे कापूस आणि सोयाबीनच्या गाड्या तोलायचा तो मोठा काटा, त्याच्याशेजारचं काँक्रीट तळहातासारखं सपाट. टाकीतला उरलासुरला गाळ काढून मी ती खरोखरच कोरडी केली. बाबांनी पिशवीतून सामान काढलं. घासून गुळगुळीत केलेली नवी बांबूची काडी, रेघा मारायचा कचेरीतला लाकडी रूळ, चाकू, आणि न पुसणारी काळी शाई. नाझराच्या कपाटातून निघावं तसं एकेक.

मी पाच लिटर ओतायचो, थोडं थांबायचो, काडी बुडवून त्यांना द्यायचो. बाबा ओल्या रेघेवर रूळ आडवा धरायचे, चाकूनं बारीक खूण करायचे आणि शेजारी आकडा लिहायचे. पाच. दहा. पंधरा. ऐंशीच्या घरातला हात, पण अक्षर तेच, मोत्यासारखं. ती काडी आजही माझ्या दारामागे उभी आहे. जीप भंगारात जाऊन बरीच वर्षं झाली, आकडे मात्र सगळे वाचता येतात.

वीसचा आकडा लिहून होत होता तेव्हा काट्यावरचा माणूस बाहेर आला. बाबांना तो कोर्टापासून ओळखत होता.

"नाझरसाहेब, तुमी? अन् हे डिझेलचं कायले करून राह्यले या वयात?" मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हे तुमचे चिरंजीव ना? खात्यात हायेत म्हने."

मी कॅन खाली ठेवला आणि दुसरीकडे बघायला लागलो. बाबा आता चष्मा काढून पुसतील, हे मला माहीत होतं.

त्यांनी चष्म्याला हात लावला नाही. वीसच्या शेजारची शाई फुंकर घालून वाळवली.

"ड्रायव्हर आहे माझा मुलगा," बाबा म्हणाले. "कालचा तो घाट यानंच चढवला." आणि काडी माझ्यापुढे करून म्हणाले, "हं, ओत पुढचे पाच."